नवऱ्यामागून नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'धर्म आणि स्त्री' हा विषय निघाला की आपल्या बैठकीत एक मत हमखास मांडले जाते. देवाधर्मात रमलेली बाई म्हणजे पुरुषांनी आखून दिलेल्या वाटेने मुकाट चालणारी बाई. दर रविवारी पदर सावरून, बायबल आणि गीतांचे पुस्तक घेऊन चर्चला जाणाऱ्या ख्रिस्ती आजीबद्दलही आपण तसेच धरून चालतो. ती आपल्या सभेला येणार नाही असे आपणच ठरवतो आणि तिला बोलावतही नाही. म्हणून आज मी अशाच एका श्रद्धाळू बाईच्या आयुष्याबद्दल बोलणार आहे. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी वाचले असेल. तिऱ्हाईत नवरा, भोळी बायको आणि त्यांच्या संसारातल्या फजित्या वाचताना आपण पोट धरून हसतो. पण हसता हसता एक गोष्ट नजरेआड होते. नवरा ख्रिस्ती झाल्यानंतर स्वतः ख्रिस्ती व्हायला या बाईने पाच वर्षे घेतली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखल्यांच्या घरातला. वडिलांचे सोवळे इतके कडक की सारे घर त्याखाली दबलेले. शाळा नाही. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, विद्वान आणि फिरस्ते. बायकोला न विचारता नोकऱ्या सोडणारे, घरातले पैसे कुणालाही देऊन मोकळे होणारे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा निर्णयही त्यांचा एकट्याचा. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या, पदरी लहान मुलगा दत्तू होता.

त्या वेळी कायदा काय होता, हे आपण पाहिले पाहिजे. १८६६ च्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला सोय दिली होती. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला येत नसेल तर तो कोर्टात जाऊ शकत होता. वर्षभराची मुदत देऊनही जोडीदार आला नाही तर विवाह मोडता येत होता. ही दाद धर्म बदलणाऱ्याला होती, मागे राहिलेल्याला नव्हती. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मुंबई प्रांतात मिळाला तो १९४७ साली. म्हणजे लक्ष्मीबाईंना स्वतःहून सुटता येत नव्हते. सुटका देता येत होती ती फक्त नवऱ्याला. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना कोर्टाने सहा महिन्यांच्या कैदेची धमकी दिली त्याला तेव्हा आठच वर्षे झाली होती.

टिळकांनी कायद्याची ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी राहिल्या. दुःखाने खंगल्या, आजारी पडल्या. आज आपण ज्यांना परित्यक्ता म्हणतो त्यांच्यासारखेच हे जिणे. नवरा आहे, पण संसार नाही. लोकांची कीव आहे, पण स्वतःचे छप्पर नाही.

काही वर्षांनी त्या मुलाला घेऊन नगरला टिळकांजवळ राहायला गेल्या. पण धर्म बदलायला नव्हे. त्यांनी आपली चूल वेगळी मांडली, सोवळे सांभाळले, पाण्याची वेगळी व्यवस्था ठेवली. एका घरात दोन धर्म नांदू लागले. मिशनमधल्या माणसांना आणि आप्तांना काय वाटत असेल याची कल्पना करा. बाईने दोन्हीकडचे दडपण सोसले आणि विचार चालू ठेवला.

त्यांचा विचार बाप्तिस्म्यापाशी सुरू झाला नाही, तो जातीपाशी सुरू झाला. माणसांना देवाने जातीजातींत घडवले, की जाती माणसांनी केल्या? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर माणसांच्या बाजूने आले. मग ज्या सोवळ्याने बालपण नासवले होते ते त्यांनी सोडले. कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. ख्रिस्ती होण्यापूर्वीच त्यांनी जात टाकली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

आपल्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे धर्मांतर मोठ्या वादाचा विषय झाले. रमाबाई संस्कृतच्या पंडिता होत्या, त्यांच्या निर्णयामागे अभ्यास होता हे सगळे मानतात. लक्ष्मीबाईंकडे पांडित्य नव्हते. जोडाक्षरेही त्यांना नीट येत नसत. तरीही निर्णय घेताना त्यांनी नवऱ्याच्या विद्वत्तेवर भिस्त ठेवली नाही, हे आपण कमी लेखू नये.

पुढची छत्तीस वर्षे त्या चर्चच्या माणूस होत्या. घरात पोटच्या मुलाबरोबर सांभाळलेली मुलेही वाढली. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नास वर्षांच्या होत्या. तिथून पुढे त्या कुणाच्या सावलीत राहिल्या नाहीत. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले. मग मुलाबरोबर कराचीला राहिल्या आणि अखेर नाशिकला आल्या. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते, ते अकराव्या अध्यायापर्यंत येऊन थांबले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. काव्य टिळकांच्या नावाने ओळखले जाते, पण त्याचा मोठा भाग या बाईचा आहे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. १९३६ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांचा नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली.

लक्ष्मीबाईंनी नवऱ्यावर आरोपपत्र लिहिले नाही, ही टीका आपल्याकडे होते. मला ती अर्धवट वाटते. न विचारता विकलेली भांडी, अचानक मोडलेले बिऱ्हाड, एकटीने काढलेली वर्षे, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले आहे. प्रेम आहे म्हणून त्यांनी काही लपवले नाही.

आता आपल्या कामाकडे वळते. ख्रिस्ती बायकांसाठीचा १८६९ चा घटस्फोट कायदा पुरुषाला पत्नीच्या व्यभिचाराच्या एका कारणावर घटस्फोट देत होता. बाईला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ साली गेली, म्हणजे १३२ वर्षांनी. १९२५ च्या वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तरीही केरळमधल्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना तो लागू होण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल १९८६ साली लागला. आणि आपल्याकडे? कायदा बाजूने असूनही भावाच्या प्रेमापोटी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी प्रत्येक धर्मात आहेत.

या सहीबद्दल बोलायचे असेल तर चर्चच्या महिला मंडळात जावे लागेल. तिथली ज्येष्ठ आजी मुलींची लग्ने जुळवते, भांडणे मिटवते, वाटणीच्या वेळी सगळे तिच्या तोंडाकडे पाहतात. तिचा शब्द घरात चालतो. तिला आपण श्रद्धा सोडायला सांगायची गरज नाही. तिला एवढेच विचारू या, मुलीचा वाटा कमी करायला देवाने सांगितले की माणसांनी? हा प्रश्न आपला नाही, लक्ष्मीबाईंचा आहे. उत्तर द्यायला तिने वेळ घेतला, तर तोही तिला देऊ या.