जुनं वीज केंद्र नवं होतं, तेव्हा जंगलाला काय मोजावं लागतं?

(ग्रामसभांच्या मेळाव्यात संघटनेतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त थोडं आवरलं आहे.)



सकाळपासून तेंदूच्या दराचं झालं, बांबूच्या वाहतूक पासचं झालं. आता आम्हाला वीज केंद्राबद्दल बोलायला सांगितलं आहे. मागे बसलेले दादा म्हणाले, आपल्या गावातून चंद्रपूरची चिमणी दिसतही नाही, मग हे ऐकून काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. आज बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

वीज केंद्र म्हणजे एक मोठी चूल. कोळशाचं पीठ दळायचं, भट्टीत फुंकायचं, पाण्याची वाफ करायची. वाफेच्या जोरावर चाक फिरतं आणि चाकाबरोबर वीज तयार होते. मग त्या वाफेचं परत पाणी करावं लागतं, त्यासाठी थंड पाणी लागतं. जुन्या केंद्रात कोळशाच्या उष्णतेचे तीन वाटे केले तर जेमतेम एका वाट्याची वीज होते. उरलेले दोन वाटे वाया. थोडी उष्णता चिमणीतून जाते, बाकीची त्या कमरेत बारीक असलेल्या जाड्या टॉवरांमधून. त्यातून जे पांढरं निघतं त्याला लोक धूर म्हणतात. तो धूर नाही, पाणी आहे. चंद्रपुरात ते इरई धरणाचं पाणी आहे.

थंड मुलखात, पोलंडमध्ये, डेन्मार्कमध्ये, ही उरलेली उष्णता फेकत नाहीत. तिच्यावर पाणी तापवून नळांनी शहरातल्या घराघरांत नेतात. एकाच भट्टीतून वीज आणि ऊब. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं, घर तापवायचं कोणाला? पण असली दुहेरी भट्टी आपल्यालाही परकी नाही. कागदाच्या कारखान्यात तेच चालतं. आपल्याच जंगलातला बांबू वाफेवर शिजतो, कागद वाफेवर वाळतो आणि त्याच वाफेवर कारखान्याची वीज निघते. म्हणजे इंजिनिअर साहेब बोलतात तेव्हा हे आपल्याला कळणार नाही असं कोणी समजू नये.

आता मुद्द्याकडे येऊ. वीज केंद्रातल्या एका भट्टी-चाकाच्या जोडीला संच म्हणतात. संचाचं आयुष्य साधारण २५ वर्षं धरतात. चंद्रपूरचे पहिले संच १९८३-८४ चे, २१० मेगावॅटचे. असा संच म्हातारा झाला की नळ्या गळतात, चाकाची पाती झिजतात, राख पकडणारं यंत्र पुरती राख पकडत नाही, आणि एक युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा खातो. मग सरकार म्हणतं, आधुनिकीकरण करू. त्याचे दोन प्रकार. एक, तोच संच खोलून नवे भाग घालायचे. कोराडीच्या २१० मेगावॅटच्या सहा नंबर संचाचं तसं झालं. २००९ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी कर्ज मंजूर केलं, त्याच योजनेत बंगालमधलं बंडेल आणि हरियाणातलं पानिपतही होतं. दुसरा प्रकार, जुना संच मोडीत काढायचा आणि त्याच्या नावावर नवा, मोठा, जास्त दाबाच्या वाफेवर चालणारा संच उभा करायचा. हल्ली दुसऱ्या प्रकारावर जोर आहे.

नवा संच कमी कोळसा खातो हे खरं आहे. एका युनिटला पाऊण किलोऐवजी सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. राख पकडणारं यंत्र नवं लागलं तर दुर्गापूरच्या बाईच्या वाळवणावर कमी राख पडेल, तिच्या लेकराचा खोकला कमी होईल. २००९ मध्ये केंद्राच्या प्रदूषण मंडळाने देशभरच्या औद्योगिक भागांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर वरून चौथं होतं. तिथल्या लोकांसाठी जुनी यंत्रं बदललीच पाहिजेत. त्याला आपला विरोध नाही आणि कोणी तसं पसरवत असेल तर त्याला सांगा.

आपला प्रश्न वेगळा आहे. दर युनिटला कोळसा कमी झाला, पण एकूण कोळसा कमी झाला का?

चंद्रपूरचंच बघा. आधी चार संच २१० चे आणि तीन ५०० चे, मिळून २,३४० मेगावॅट. पुढे दोन जुने २१० चे बंद झाले आणि ५०० चे दोन नवे आले. म्हातारे गेले, बरं झालं. पण बेरीज झाली २,९२० मेगावॅट. चारशे वीस गेले आणि हजार आले. आपल्या घरात असं झालं तर आपण म्हणतो का, की चुलीची दुरुस्ती केली? आपण म्हणतो, दुसरी चूल मांडली.

आजकाल नवा संच ६६० मेगावॅटचा घेतात. आम्ही बसून हिशोब केला, तुम्हीही करून बघा, शाळेतल्या पोरांना घ्या सोबत. २१० चा जुना संच पुऱ्या जोराने चालला तर तासाला साधारण १६० टन कोळसा लागतो. म्हणजे मालगाडीचे तीन डबेही पुरे होत नाहीत. ६६० चा नवा संच कितीही चांगला असला तरी तासाला ४०० टनांच्या आसपास घेतो, सात डबे. एक जुना काढून एक नवा बसवला, तरी कोळसा अडीच पट. आणि जाहिरातीत लिहिणार, कोळशाची बचत!

हा कोळसा येतो कुठून? चंद्रपूरचा बराचसा वर्धा खोऱ्यातल्या खाणींतून येतो, भद्रावती, माजरी, राजुऱ्याकडच्या. त्या भागातल्या गावांनी काय पाहिलं ते इथे बसलेल्या पाहुण्यांकडून जेवणाच्या वेळी ऐका. पण आम्हाला आज दुसऱ्या एका गावाबद्दल सांगायचं आहे. छत्तीसगडमध्ये रायगड जिल्हा आहे, त्यात तमनार तालुका. तिथे गारे पेलमा नावाचा कोळशाचा पट्टा आहे. त्यातला सेक्टर दोन हा भाग २०१५ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या सरकारी वीज कंपनीला, महाजनकोला मिळाला. कोराडी, चंद्रपूर आणि परळीच्या केंद्रांसाठी. वर्षाला २ कोटी ३६ लाख टन कोळसा काढायचा आणि १४ गावांची जमीन त्यात जाते. जानेवारी २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने तिथली पर्यावरण मंजुरी रद्द केली. जनसुनावणी नीट झाली नाही, हे त्यातलं एक कारण होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजुरी परत दिली गेली. आणि जून २०२५ मध्ये मुडागावच्या जंगलात पोलीस बंदोबस्तात झाडं पडली. तिथल्या बाया झाडांपाशी उभ्या होत्या.

नागपूरजवळच्या कोराडीपासून ते गाव रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या वर आहे. कोराडीला ६६० चे आणखी दोन संच घालायचे म्हणून मे २०२३ मध्ये तिथे जनसुनावणी झाली. सुनावणी चिमणीजवळ झाली, कायदा तसाच आहे. पण यातली खोच लक्षात घ्या. केंद्राच्या सुनावणीत विचारलं की कोळसा कुणाच्या जंगलातून आणणार, तर उत्तर मिळतं, तो खाणीचा विषय आहे, त्याची वेगळी सुनावणी होईल. खाणीच्या सुनावणीत विचारलं की ही खाण हवीच कशाला, तर उत्तर येतं, केंद्र तयार आहे, त्याला कोळसा लागणारच. दोन फायली एकमेकींकडे बोट दाखवतात आणि गाव मधल्या मध्ये राहतं. म्हणून दादा, चिमणी दिसत नसली तरी तिची फाईल आपली आहे. संचाचं आयुष्य २५ वर्षांनी वाढलं की कुठल्या तरी खाणीचंही तेवढंच वाढतं.

आपल्या बाजूला लोहाऱ्याच्या जंगलातली खाण ताडोब्यामुळे अडली. चिमूरकडचा बंदरचा पट्टा २०२० मध्ये लिलावाच्या यादीतून काढला. चांगलं झालं. पण कागदावर कारण वाघाच्या वाटेचं आहे, माणसाच्या हक्काचं नाही. उद्या वाघाने वाट बदलली तर?

राखेचं थोडक्यात सांगतो. आपला देशी कोळसा शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. यंत्र कितीही नवं असो, ही राख कमी होत नाही, फक्त चिमणीतून न जाता तळ्यात जाते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला अशा तळ्याचा बांध फुटला आणि राखड शेतांत, नाल्यांत पसरली. तेव्हा नवं राख-तळं कुठे होणार, हे विचारल्याशिवाय कोणत्याही आधुनिकीकरणाचं कौतुक करू नका.

धुरातला गंधक धुऊन काढायचं यंत्रही असतं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या कोळसा केंद्रांना नवे नियम लावले, दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदत वाढली, परत वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना या यंत्रातून सूटच मिळाली. या यंत्राला बहुतेक ठिकाणी चुनखडी लागते, आणि चुनखडी म्हटली की कोरपना-जिवतीकडच्या कोलाम भावांचे कान टवकारतात. म्हणजे यंत्र बसवलं तरी डोंगर, नाही बसवलं तरी धूर. साधं उत्तर नाही, हे मान्य करूनच पुढे बोलावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे जरा लक्ष द्या. २००६ ची पर्यावरण मंजुरीची अधिसूचना आहे. तिच्यात विस्तार आणि आधुनिकीकरण यांच्यासाठी वेगळं कलम आहे. नव्या मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी घ्यावी लागते. पण चालू प्रकल्पाचं आधुनिकीकरण म्हणून अर्ज आला, तर सुनावणी घ्यायची की नाही हे दिल्लीतली तज्ज्ञांची समिती ठरवते. त्यामुळे पेपरात किंवा नोटीसबोर्डावर "आधुनिकीकरण" हा शब्द दिसला की हसून सोडू नका. ग्रामसेवकाकडून तारीख विचारा. सुनावणी असेल तर तीस दिवस आधी जाहीर करावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी समोर बसतो. तोंडी बोलता येतं, लेखीही देता येतं. बोललेलं इतिवृत्तात आलं का, ते तिथेच वाचून घ्या. उठून येऊ नका.

जंगल जाणार असेल तर आपलं हत्यार वनहक्क कायदा. सामूहिक हक्काचा दावा निकाली लागेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. ऑगस्ट २००९ च्या पत्राने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती सक्तीची केली. २०१३ मध्ये नियमगिरीच्या निकालानंतर ओडिशातल्या बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि तिथली खाण अडली. २०२२ च्या नव्या वन नियमांनी ही तपासणी दिल्लीच्या मंजुरीआधी करायची अट काढून राज्यावर ढकलली. पण मूळ कायदा बदललेला नाही. कोणी साहेब म्हणाला की आता ग्रामसभेची गरज नाही, तर त्याला ते लिहून द्यायला सांगा. कोणी देत नाही.

आपल्यातलीच पोरं विचारतात, आम्हाला वीज नको का? पंप रात्री दोन वाजता चालवावा लागतो, दिवसा लाईन नसते. खरं आहे. केंद्रात कंत्राटी कामाला जाणारे आपलेच भाऊ आहेत, त्यांची रोजीही यात आहे. म्हणून आपण केंद्र उद्या बंद करा असं म्हणत नाही. आपलं म्हणणं असं, की जुना संच नवा करताना मेगावॅट तेवढेच ठेवा, म्हणजे कोळसा खरंच कमी होईल. मग जितका कोळसा वाचला तितकी कोणती खाण कमी होणार, तिचं नाव लिहा. आणि कंत्राटी माणसाचं काम नव्या यंत्रात कुठे बसणार, तेही त्याच कागदावर लिहा. या तीन ओळी कोणत्याही आधुनिकीकरणाच्या अहवालात आम्हाला अजून वाचायला मिळालेल्या नाहीत.

ठरावाचा मसुदा लिहून आणला आहे, चहानंतर वाचून दाखवू. शब्द जड वाटले तर गावात बसून बदला, बायांच्या सभेत आधी वाचा. ठरावावर कोरम भरल्याच्या सह्या-अंगठे हवेत, तारीख हवी, आणि ग्रामसभेच्या वहीत पान नंबर हवा. एक नक्कल तहसीलला देऊन पोच घ्या आणि पोचेची झेरॉक्स पुढच्या बैठकीला घेऊन या.