साथ पकडतं कोण? एनसीडीसी, जीबीएस आणि आपली चाकणची खोली

आजचा एपिसोड खास पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणवाल्यांसाठी. कंपनीच्या बसमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा.

जानेवारी 2025 आठवतोय? सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव... तिकडून जीबीएसच्या, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमच्या बातम्या यायला लागल्या. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढवत नाही, काहींना तर श्वासही घेता येत नाही. पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्यातले तीसच्या वर आपल्या पिंपरी-चिंचवडमधले. वायसीएममध्ये त्यांच्यावर मोफत उपचार होतील असं जाहीर झालं.

मग केंद्राने सात तज्ज्ञांची टीम पाठवली. त्यात दिल्लीच्या एनसीडीसीचे, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे लोक होते. सोबत बंगळूरूचं निम्हान्स आणि आपल्या पुण्याची एनआयव्ही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. मग सगळ्यांची नजर पाण्यावर गेली.

ही एनसीडीसी काही आजची नाही. 1909 मध्ये कसौलीला मलेरियासाठी जे केंद्र सुरू झालं, तिथून तिची मुळं निघतात. आताचं नाव मिळालं 2009 मध्ये.

पण दिल्लीला कळतं कसं? 2004 पासून देशात साथरोग सर्व्हेक्षण चालतं. त्याचे तीन फॉर्म असतात. गावपातळीवरची आरोग्यसेविका लक्षणं पाहून भरते तो 'एस', डॉक्टर भरतात तो 'पी' आणि लॅबचा 'एल'. पूर्वी हे आठवड्याला जायचं, आता ऑनलाइन जातं. एकाच भागात आकडा अचानक वाढला की जिल्ह्याची टीम तिथे जाते.

आता आपली खोली बघा. पाच पोरं, टँकरचं पाणी. दोघांना जुलाब लागतात. मेडिकलमधून गोळी घेतात आणि थेट सेकंड शिफ्टला. का? कंत्राटी माणसाचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. चूक त्यांची नाही. पण तो जुलाब कुठल्याच फॉर्मवर येत नाही. शेजारच्या खोलीतलाही नाही. म्हणजे साथ सुरू झालेली असते, कागदावर मात्र सगळं ठीक!

म्हणून तीन गोष्टी. पाणी उकळूनच प्या. एका बिल्डिंगमध्ये दोघा-तिघांना एकदम जुलाब झाले तर आशाताईंना किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात सांगा, 104 वरही फोन लावता येतो. आणि जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांत हातापायांतली ताकद कमी वाटली, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. जीबीएसचे बहुतेक रुग्ण बरे होतात, पण वेळेत पोहोचणं महत्त्वाचं.

हा एपिसोड खोलीच्या ग्रुपवर टाका. घरमालकालाही टाका, टाकी शेवटची कधी धुतली ते त्यालाच विचारायचंय! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.