नाव पाण्यात सोडावी लागते



आपल्या भाषेची एक गंमत बघा. ज्याने माणसाला हाक मारतो ते 'नाव', आणि ज्यात बसून नदी उतरतो तीही 'नाव'. उच्चार एकच. संतांनी भवसागर म्हटलं, आणि तरून जायला साधन दिलं ते नामाचं. म्हणजे नावाचीच नाव. आजची कथा अशाच एका नावेची आहे, पण ती नाव पाण्यातली नाही. काचेच्या पेटीतली आहे.

आमच्या ओळखीचे एक आबा आहेत. जन्मभर मुंबईच्या गोदीत सुतारकाम केलं. निवृत्त होऊन गावी आले, आणि वर्षभरात घरातल्या आजी गेल्या. रिकामं घर, रिकामे हात. मग त्यांनी एक जुनं शिडाचं जहाज लाकडात करायला घेतलं. त्या जहाजाचं नाव 'त्रिंकोमाली'.

तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात हे इंग्रजांचं जहाज कुठून आणलंत? माउली, इंग्रजांचं खरं, पण जन्मलं आपल्या मुंबईत! इंग्लंडात लढायांपायी ओक लाकडाचा तुटवडा पडला होता, म्हणून लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीत बांधायचं ठरलं. त्याचे नकाशे घेऊन 'जावा' नावाचं जहाज निघालं. १८१२ साली ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या जहाजाने त्याला हरवलं, नकाशे गेले. मग काय, काम सोडलं? नाही. पुन्हा नकाशे काढले, पुन्हा पाठवले. १८१६ साली काम सुरू झालं. बांधणारे मुख्य कारागीर जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारचं सागवान. पारशी रीत अशी, की जहाजाचा तळकणा, म्हणजे तळाशी मधोमध असतं ते लांब लाकूड, मांडताना त्यात चांदीचा खिळा ठोकायचा. नंतर वर सगळं जहाज उभं राहतं. तो खिळा कुणाला दिसत नाही. पण आहे!

आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ते जहाज पाण्यात सोडलं.

त्याचं नाव श्रीलंकेतल्या बंदराचं. तमिळमध्ये तिरु-कोण-मलै. तिरु म्हणजे श्री, मलै म्हणजे डोंगर. त्या डोंगरावर कोणेश्वर, म्हणजे आपले महादेव! गोरे खलाशी रोज ते नाव घेत होते. कुणाचं घेतोय, त्यांना कुठे ठाऊक? बोला, हर हर महादेव! (गजर)

आता आबांच्या कामाकडे येऊ. प्रमाण धरलं आठ फुटाला एक इंच. खऱ्या जहाजाचा तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट, तो आबांच्या हाती आला एकोणीस इंचांत. आधी तळकणा. त्याच्यावर फासळ्या, माणसाच्या छातीला असतात तशा. त्यांच्यावर फळ्या, जाडी नखाएवढी. सरळ फळी वळणावर बसत नाही, मोडते. म्हणून गरम पाण्यात भिजवायची, मऊ झाली की हळूहळू वाकवायची, टाचण्यांनी धरून सुकू द्यायची. माउली, मनाचंही असंच. कोरडं मन वाकवायला गेलं की मोडतं.

मग डोलकाठ्या तीन, आणि दोर. सुती दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे त्याचे तंतू उभे राहत नाहीत. दोर दोन प्रकारचे. एक स्थिर, ते डोलकाठीला धरून ठेवतात. दुसरे चालते, त्यांनी शिडं फिरतात. खलाशी चढायच्या शिड्यांना तर पायरीपायरीला गाठ. चिमट्याने एकेक गाठ बांधायची. चार वर्षं लागली. पेटी आली, काच आली. खाली पितळी पट्टी लावली, तीवर जहाजाचं नाव आणि शेजारी आबांचं नाव. गावातले लोक बघायला येत. आबा लांबूनच दाखवायचे. हात लावायचा नाही!

मे महिन्यात नातू आला, आठ वर्षांचा. आबांनी पुसण्यासाठी काच उघडली होती, आणि त्याचा चेंडू आत गेला. मधली डोलकाठी कडकन मोडली. आबांचा हात उठला, पोराच्या गालावर बसला. पोरगं रडलं नाही, नुसतं बघत राहिलं. आठ दिवस आबांच्या जवळ आलं नाही.

आबा माझ्याकडे आले. म्हणाले, "महाराज, पोराला मारलं. घास उतरत नाही."

मी काय केलं? आम्हा कीर्तनकारांना सवय असते. म्हटलं, "आबा, हे ममत्व. ज्या सुतारांनी खरं जहाज केलं, त्यांनी ते पाण्यात सोडलं. सातासमुद्रापार गेलं. त्यांनी दोर घट्ट धरून ठेवला असता, तर ते जहाज झालं असतं का? किनाऱ्यावरचा लाकडाचा ढीगच राहिला असता. पेणचा मूर्तिकार बघा. गणपती घडवतो, डोळे रेखतो, आणि दुसऱ्याच्या घरी पाठवतो. तुम्ही मात्र काच लावून बसलात."

आबा ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "महाराज, त्याच्या तळकण्यात मी पण खिळा ठोकलाय. हिच्या जोडव्याची चांदी."

माउली, माझी मान खाली गेली. मी डोलकाठीवर प्रवचन झोडत होतो, आणि हा माणूस तळकण्यात जपलेल्या चांदीबद्दल सांगत होता. आजी गेल्या ते दुःख त्याने फळ्यांखाली झाकलं होतं. चेंडू डोलकाठीला लागला, पण दुखलं ते तिथे. मी म्हटलं, "आबा, मला बोलायचा अधिकार नव्हता." दोघंही गप्प बसलो.

पुढचं त्यांनी त्यांचं केलं. घरी गेले, नातवाला म्हणाले, "बाळा, माझं चुकलं. ये, नवी काठी करू." मोडलेली काठी सहज निघत नाही. तिला बांधलेले सगळे दोर आधी सोडवावे लागतात. आणि कसे? शेवटी बांधलेली गाठ आधी, पहिली बांधलेली शेवटी. ओढाताण केली तर शेजारची काठीही जाते. पोराची बोटं बारीक, नजर ताजी. आबांना दिसत नव्हत्या त्या गाठी त्याने सोडवल्या. दिवाळीच्या सुट्टीत तो परत आला, आणि नवी काठी उभी राहिली. नकाशे गेले तरी जहाज झालं होतं. काठी मोडली, तरी आजा-नातू जोडले गेले.

डेन्मार्कमध्ये चर्चच्या छताला अशी छोटी जहाजं टांगलेली असतात, दर्यावर्दी लोकांनी देवाला वाहिलेली. हे आबांना गोदीतच कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना ते आठवलं. म्हणाले, "मी कुठे वाहू?" नातू म्हणाला, "शाळेत द्या. मुलं बघतील." आबांनी रात्रभर विचार केला, आणि दिलं. पितळी पट्टीवरचं स्वतःचं नाव घासून काढलं, जहाजाचं तेवढं ठेवलं. मी विचारलं, "आणि ती चांदी?" आबा हसले. "ती जिथे आहे तिथेच. पोरं एवढी जवळ येऊन बघतात, हिला गलबला आवडायचा."

खऱ्या त्रिंकोमालीचं काय झालं? इंग्लंडला पोचेपर्यंत लढाया संपल्या होत्या. डोलकाठ्या उतरवून तिला बाजूला ठेवली. पुढे समुद्र फिरली. मग एकाने विकत घेतली, नाव बदलून 'फुद्रोयां' ठेवलं. त्या परक्या नावाने कितीतरी वर्षं तिने पोरांना दर्याचं शिक्षण दिलं. १९९२ साली तिला तिचं नाव परत मिळालं. आज इंग्लंडात हार्टलपूलला ती पाण्यावर उभी आहे. पाण्यावर तरंगणारं त्यांचं सर्वांत जुनं लढाऊ जहाज ते हेच. आपल्या गोदीतल्या सुतारांनी हातावेगळं केलं, म्हणून दोनशे वर्षं टिकलं.

तर माउली, उद्या पहाटे वाट धराल तेव्हा एवढं बरोबर न्या. संसार मन लावून करा. एकेक गाठ नीट बांधा. लेकरं घडवा, घर घडवा. पण जे घडवलं ते एक दिवस पाण्यात सोडायचं आहे, हे ध्यानात असू द्या. प्रेम सोडायला कुणी सांगत नाही. प्रेम चांदीच्या खिळ्यासारखं आत राहू दे, कुणाला दिसो न दिसो. सोडायचा तो फक्त हातातला दोर. आणि घरातलं कुणी लेकरू काठी मोडून कोपऱ्यात उभं असेल, तर घरी पोचायची वाट बघू नका. मुक्कामावरूनच फोन लावा.

पांडुरंगाने हा दोर सोडायचं बळ तुम्हाला द्यावं, आणि आधी मला द्यावं. बोला, राम कृष्ण हरी!