लोकमहाविद्यालयात काय शिकवावे?

(सटाणा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘सामुदायिक महाविद्यालय’ हा शब्द आपल्या मातीतला नाही. अमेरिकेत १९०१ साली जोलिएट येथे अशा दोन वर्षांच्या महाविद्यालयाचा पाया घातला गेला, आणि १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने हे नाव रूढ केले. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये त्याच नावाची योजना आणली खरी. परंतु तिचा सारा भर कौशल्यावर राहिला. कौशल्याशी माझे भांडण नाही. रिकाम्या पोटी कोणीही इतिहास शिकत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, कष्टकऱ्याच्या पोराला हाताचे काम शिकवताना आरोग्य, इतिहास आणि नागरिकशास्त्र हे विषय गाळले कोणी, आणि कोणाच्या सोयीसाठी?

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी बहुजनांच्या शाळेचा अभ्यासक्रम सुचविला होता. त्यात मोडी, बाळबोध आणि हिशेब होते. त्यांच्या जोडीला सामान्य इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचेही पाठ होते. म्हणजे ज्याला आपण आज नवी कल्पना म्हणून मिरवतो, ती सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका माळ्याने सरकारच्या पुढ्यात ठेवली होती!

प्रथम आरोग्य. बागलाणात द्राक्ष आणि डाळिंब आले, त्याबरोबर फवारणी आली. औषधाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला हे कोणी सांगितले आहे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते केवळ अज्ञानाने मेले असे म्हणणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होईल. हातमोजे आणि मुखपट्टी पुरविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आरोग्याच्या तासालाच विचारला पाहिजे. नाहीतर तो तास म्हणजे ‘नखे कापा, हात धुवा’ एवढाच उपदेश उरतो.

हे शिकवायला डॉक्टरच लागतो असेही नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या वा जेमतेम असलेल्या खेड्यातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. एकदा शिकायचे, गावात जाऊन करायचे, अडले ते पुढल्या खेपेस विचारायचे, अशी ती रीत होती. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यासाठी सिकलसेलचा पाठ असाच घेता येईल. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, हे चार खडे मांडून दाखविता येते.

इतिहासाचे पुस्तक तर आपल्या उशाशी आहे. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना मैदानी लढाईत हरविले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. तेव्हा पाहुणे वाढतील, मोटारी येतील. पण गडावर दाणागोटा कोणी चढविला आणि लढाईनंतर त्या वस्त्यांचे काय झाले, हे विचारणारा विद्यार्थी मला हवा आहे. नुसत्या जयघोषाला महाविद्यालय लागत नाही.

नागरिकशास्त्राचा पहिला धडा या गावाच्या देवळातच आहे. मामलेदार यशवंतराव महाराजांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिन्यातील १,२७,००० रुपये रयतेला वाटले, अशी कथा आपण सारे ऐकत आलो. पुढे खजिना भरलेला सापडला, हा भाग मी भाविकांसाठी सोडतो. मला मोठा वाटतो तो प्रश्न असा, की भुकेल्याला घास द्यायला अधिकाऱ्याला नियम मोडावा का लागला? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क केला. रेशन नाकारले तर आता देवमामलेदाराची वाट पाहायची नाही, तक्रार लिहायची. ती कोणाकडे आणि कशी, हा झाला दुसरा तास.

बागलाणातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, बाकीची बाहेर. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार त्यामुळे शिवेगणिक बदलतात. आपले गाव कोणत्या बाजूला, हे येथे बसलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील? वनहक्काचा २००६ चा कायदा घ्या. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते, आणि पुराव्यात गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही चालते. म्हाताऱ्याची आठवण नीट टिपून घेणे हा इतिहासाचा अभ्यास, आणि तोच जमिनीचा आधार! या दोन विषयांना वेगळे वर्ग कशाला हवेत, हे मला अजून कळलेले नाही.

कोणी म्हणेल, प्रमाणपत्र नसेल तर येणार कोण? आक्षेप खरा आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी दार उघडले, ते मोठेच काम झाले. पण पुस्तक घरी येते तेव्हा माणूस एकटा वाचतो. ग्रामसभेत त्याला चारचौघांत उभे राहून बोलायचे असते. त्याचा सराव चारचौघांतच व्हायला हवा.

म्हणून माझी सूचना लहान आहे. इमारत मागू नका, अनुदानाची वाट पाहू नका. शाळेचा एखादा वर्ग संध्याकाळी मागून घ्या. निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, तलाठ्याच्या कागदांशी झगडलेला एखादा शेतकरी, एवढे शिक्षक पुरे. बाया येतील अशी वेळ त्यांनाच विचारून ठरवा. फवारणीच्या आणि छाटणीच्या दिवसांत वर्ग बंद ठेवा. परीक्षा म्हणून प्रत्येकाने एक माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहावा, आणि आलेले उत्तर वर्गात वाचून दाखवावे. उत्तर आले नाही, तर अपील कसे करायचे हा पुढचा पाठ.