भंगाराचा हिशोब कोण शिकणार?

(पिंपरीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



माझा थोरला भाऊ विचारतो, गुन्ह्याचं कसलं एम.ए. करतोस? वस्तीत ते फुकट शिकवतात! भाऊ चेष्टा करतो, पण अर्धं खरं बोलतो. या शास्त्राचे आपण विद्यार्थी कधी नव्हतो, नमुने होतो. 1871 ला इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 1952 ला तो कायदा गेला, 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा आणला. पाटी बदलली. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, हे सुप्रीम कोर्टाला 2024 च्या ऑक्टोबरात सांगावं लागलं!

आता चाकणला चला. मोटारींच्या कारखान्यातून गाडीबरोबर पत्र्याचं कातरण निघतं, लेथचा चुरा, लाकडी खोकी, पुठ्ठा. भंगार म्हणतात, पण रोजचा रोकडा पैसा आहे तो. कुणीतरी दोन गाड्या भरून पोरं घेऊन गेटवर येतो नि सांगतो, माल मलाच, भाव माझा. वजनकाटाही त्याचाच. कामगार पुरवण्याचा ठेका, पाण्याचा टँकर, त्याच वाटेनं. आणि माथाडी! हमालाच्या घामासाठी 1969 चा कायदा झाला, नि ज्यानं जन्मात पोतं उचललं नाही तो त्या नावानं ट्रकमागं पैसे मागतो. याची चीड आपल्याला सगळ्यात आधी यायला पाहिजे, कारण पोतं आपल्या बापानं उचललंय.

पिंपरी-चिंचवडला 15 ऑगस्ट 2018 पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. हातात 1999 चा मोक्का आहे. मोक्का मागची दहा वर्षं बघतो, एकापेक्षा जास्त आरोपपत्रं मोजतो. आरोपपत्रं कुणावर? कोयता धरणाऱ्या पोरावर. ठेका घेणाऱ्याकडे जीएसटी नंबर असतो, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. मालमत्ता जप्त करायचं कलमही त्याच कायद्यात आहे. पण त्यासाठी पैशाची वाट कागदावर दाखवावी लागते. कोयता दाखवणं सोपं. देशातल्या तुरुंगात 2022 ला दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी होते. ते कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 2001 पासून गुन्हेविज्ञानाची संस्था आहे. तिथं माणसाची जात-पैदास बाजूला ठेवून विचारतात, हा गुन्हा सोपा कशानं झाला? नाटकाच्या प्रवेशांसारखे गुन्ह्याचे टप्पे मांडतात. भंगाराचे मांडून बघा: निविदा कुणी उघडली, गेटपास कुणी दिला, काट्याची पावती कुणी फाडली, चेक कुणाच्या खात्यात वटला. पोरगा कोयता घेऊन येतो तो एकच प्रवेश, तोही छोटा. मात्र हे शास्त्र काही गंगाजल नाही. जुन्या पोलीस रेकॉर्डवर नवा कॉम्प्युटर बसवला तर तो परत आपल्याच वस्तीकडे बोट दाखवणार. म्हणून त्या खुर्चीत आपला माणूस पाहिजे.

बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ 1923 ला लंडनात छापला. अस्पृश्याच्या पोरानं साम्राज्याच्या नाण्याचा हिशोब मागितला! आपल्याला एका वजनकाट्याचा मागता येत नाही?

लंडनच पाहिजे असं नाही. मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट आहे, गांधीनगरला न्यायवैद्यक विद्यापीठ आहे. बाहेर जायचं तर राजर्षी शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. ज्यांची जातपडताळणी अडकलीय त्यांनी चहा झाल्यावर थांबा. कागद घेऊन बसू.