साबणातली नक्षी आणि थोडी फजिती

भगिनींनो, आणि स्वयंपाकघरात हौसेने लुडबुड करणाऱ्या बंधूंनो,

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या पाटाशेजारी तुम्ही उटण्याची वाटी ठेवता. तिच्या शेजारी घरी केलेली साबणाची वडी ठेवली तर कशी दिसेल? साधी पांढरी वडी नव्हे हं! कापली की आत गेरूच्या तांबड्या आणि कोळशाच्या काळ्या लहरी दिसाव्यात, अशी. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याला लावलेला अबरीचा कागद काहींना आठवत असेल. सतराव्या शतकात विजापूरला अबरीची चित्रे काढीत असत. पाण्यावर रंग सोडायचे आणि काडीने हलवायचे, ही ती कला. आपला साबण तिचाच घरगुती भाऊबंद म्हणा.

पण नक्षीआधी थोडे रसायन समजून घेऊ. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग. तो होताना ग्लिसरीनही तयार होते आणि घरच्या साबणात ते तसेच राहते. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक निराळी. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८.३ ग्रॅम सोडा लागतो, तर शेंगदाण्याच्या तेलाला सुमारे १३.६. म्हणून इथे वाटी-चमच्याचे माप चालत नाही. डिजिटल वजनकाटाच हवा. आमटीत मीठ जास्त झाले तर बटाटा घालता येतो, साबणात सोडा जास्त झाला तर कातडी सोलते.

आता प्रमाण लिहून घ्या. खोबरेल तेल २०० ग्रॅम, शेंगदाण्याचे २७५ ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम आणि शुद्ध कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम. एवढ्या सोड्याने शंभरातले पाच भाग तेल मुद्दाम शिल्लक राहते, आणि तेच कातडीला मऊपणा देते. मोरी मोकळी करण्याची पूड या कामाला वापरू नका; तिच्यात दुसरे काहीबाही मिसळलेले असू शकते. सोड्याचा डबा घट्ट बंद ठेवा. पावसाळी हवेत सोडा ओल धरतो आणि मग त्याचे वजन खोटे बोलते.

भांडी स्टीलची घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा चढवा, मुलांना शेजारी पाठवा, खिडकी उघडा. मग पाण्यात सोडा थोडा थोडा टाका. पाण्यात सोडा, सोड्यात पाणी कधीही नाही! उलट केले तर मिश्रण उसळून अंगावर येते. पाणी आपोआप कढत होईल. घाबरू नका, वाफेवर वाकू मात्र नका. अंगावर थेंब उडाला तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू नको, व्हिनेगर नको. डोळ्यात गेला तर निदान पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धूत राहा आणि तडक डॉक्टर गाठा.

सोड्याचे पाणी आणि तेले दोन्ही चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे भांडे बाहेरून कोमट लागेल इतकी आली, की पाणी तेलात ओता. हँड ब्लेंडर दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, चमच्याने ढवळा, पुन्हा फिरवा. नक्षीचे सगळे मर्म इथे आहे. मिश्रण पातळ बासुंदीसारखे झाले, चमच्याची धार वर क्षणभर उमटून विरली, की हात आवरा. याहून पातळ असेल तर रंग एकमेकांत मिसळून गढूळ होतात, आणि पिठल्यासारखे घट्ट झाले तर ओघळतच नाहीत.

आता मिश्रणाचे तीन भाग करा. एकात चिमूटभर गेरू, एकात कोळशाची वस्त्रगाळ पूड, तिसरा कोरा. दोन्ही पुडी कातडीला चालतील अशाच घ्या. आधी चमचाभर तेलात कालवल्या म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. हळदीचा मोह होईल, पण तिची गंमत ऐका. हळदीला चुना लागला की कुंकवाचा लाल रंग येतो ना? साबणातला सोडाही तिला तसाच लाल करतो. पुढे ती पिवळट-तपकिरी होते आणि उजेडात फिकी पडते. बिटाचा गुलाबी रंग तर टिकतच नाही.

दुधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्याला आतून बटरपेपर लावा, आणि तिन्ही रंग आळीपाळीने, कधी खालून तर कधी उंचावरून, त्यात ओता. मग बांबूची काडी तळापर्यंत घालून चकली पाडल्यासारखी दोन-तीन वेळा फिरवा आणि थांबा. चौथा फेरा नक्षी बिघडवतो. विणकामाची सुई वापरायचा विचार असेल, तर आधी ती ॲल्युमिनियमची नाही ना ते पाहा.

आता फजितीचा अध्याय. सुगंध घातल्याबरोबर मिश्रण दगडासारखे आळले? लवंगेचे किंवा दालचिनीचे तेल हमखास असे करते. नक्षी विसरा, मिश्रण चमच्याने साच्यात दाबून बसवा. साबण चांगलाच होईल. वर पांढरी भुकटी आली? हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडने झालेला तो धुण्याचा सोडा. ओल्या फडक्याने पुसा. मध किंवा दूध घातलेला साबण मध्येच फुगून वर यायला लागला? तो फार तापला आहे. पंख्याखाली ठेवा, आणि उन्हाळ्यात साचा गोधडीत गुंडाळूच नका. तेल वर तरंगले? पातेल्यात परत घ्या, कोमट करा, ढवळा.

पण सर्वांत मोठी फजिती डोळ्यांना दिसत नाही. ती माझ्यावर आली होती, म्हणून सांगते.

भाऊबीजेला माहेरी न्यायला मी दुप्पट मापाने चौदा वड्या केल्या. वहिनीचं बाळ चार महिन्यांचं. तिच्यासाठी दोन वड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. मुहूर्त अनंत चतुर्दशीचा धरला होता. साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. दसऱ्याला केलेला साबण दिवाळीला कच्चाच असतो. वड्या कापल्या, आणि काय सांगू, अशी नक्षी पुन्हा साधली नाही! पांढऱ्यावर तांबड्या-काळ्या लहरी. सगळ्या आळीला दाखवून झाल्या.

नवरात्रात सहज परीक्षा घेतली. ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावलं. साबणाची नुसती कडवट चव लागली तर ठीक. मला विजेचा चटका बसल्यासारखं झालं! दुसरी वडी, तिसरी, तेच. सोडा जास्त. पण मापं तर मी वहीत लिहून खुणा केल्या होत्या. सासूबाई जवळच होत्या. म्हणाल्या, "त्या दिवशी कट्ट्यावर वाटीत तेल काढून ठेवलं होतंस ना, ते मी अळूवड्या तळायला घेतलं. तुझं होतं का ते?"

शेंगदाण्याचं तेल मी दोन भांड्यांत मोजलं होतं. मोठं ओतलं, वाटीतलं २०० ग्रॅम राहिलं, आणि वहीवर खूण मात्र दोन्हींची!

खरं सांगते, मनात आलं होतं की काय बिघडतं, थोडं धुतलं जाईल. इतक्या सुंदर वड्या मोडायच्या? पण डोळ्यांपुढे ते बाळ आलं. हातमोजे घालून चौदाच्या चौदा वड्या स्टीलच्या किसणीवर किसल्या. पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवलं, थोडं पाणी आणि राहिलेलं २०० ग्रॅम तेल घातलं, आणि झाकण ठेवून दोन तास शिजवलं. चूक नेमकी कळली होती म्हणूनच हे जमलं. किती चुकलं ते ठाऊक नसेल, तर तो साबण अंगाला लावू नका, कुणाला देऊ नका.

नक्षी गेली. उरला तो नाचणीच्या सत्वाच्या रंगाचा खडबडीत गोळा. त्याच्या वड्या पाडल्या, तीन आठवडे वाळवल्या, पुन्हा जीभ लावून पाहिली. चटका नाही. वहिनीला दिल्या तेव्हा तिने विचारलं, "या वेळी रंग नाही केलात?" सगळी हकीकत सांगितली. बाळासाठी नको म्हटलं. इतक्या तान्ह्या कातडीला साबण मुळात कमीच लागतो. ती स्वतः मात्र आनंदाने ती वडी वापरत होती.

तेव्हापासून माझ्या वहीत खूण करायची रीत बदलली आहे. मोजलं की एक रेघ, ओतलं की तिच्यावर दुसरी. दोन रेघांची फुली झाली तरच पुढचं पाऊल. कट्ट्यावरच्या प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी लावते, आणि त्या दिवशी अळूवड्या बाहेरच्या शेगडीवर! एवढं करा, आणि करून बघा. हौस घरापुरती ठेवा; विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, तो आधी काढा. नक्षी या खेपेला नाही जमली तर पुढच्या खेपेला जमेल. वजन मात्र पहिल्याच खेपेला बरोबर हवं.