रोजच्या दिवसांतील श्रद्धा

(सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



अशा मंगल प्रसंगीं संतांचीं चरित्रें सांगावीं, हा आपला प्रघात आहे. आज मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें, ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. ते जर्मनींतील एक लूथरन पाळक होते. त्यांचें नांव दीत्रिख बोनहॉफर. उत्सव आपला आणि गोष्ट शेजाऱ्याची कां, असें कोणाच्या मनांत येईल. परंतु वेगळ्या झालेल्या बंधूंच्या ठायीं ख्रिस्ताचें जें धन दिसेल, तें आनंदानें मान्य करावें, असें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६४ सालीं आपणांस शिकविलें आहे. त्यांच्या-आपल्यांत मतभेद आहेत, ते झांकण्यांत अर्थ नाहीं. पण चांगली शिकवण शेजारच्या अंगणांतून आली, म्हणून ती परत धाडूं नये.

बोनहॉफर यांचा जन्म १९०६ सालीं ब्रेस्लाउ शहरीं झाला. १९२४ सालीं ते रोमला गेले. तेथील पवित्र सप्ताहाचे विधि पाहून, ख्रिस्तसभा एका देशाची नसून सर्व जगाची आहे, हा विचार त्यांच्या मनावर ठसला. १९३१ सालीं त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला आणि धर्मालाही आपल्या मुठींत घेऊं लागला. ज्यांनीं त्याच्यापुढें मान तुकविली नाहीं, त्या पाळकांनीं आपली निराळी मंडळी उभारली. १९३४ सालीं बोनहॉफर यांचा महात्मा गांधींच्या आश्रमांत येऊन रहाण्याचा बेत होता, व गांधीजींनीं त्यांना निमंत्रणही धाडलें होतें. पण त्या मंडळीच्या उमेदवारांना शिकविण्याचें काम अंगावर आलें, आणि तो बेत राहून गेला.

१९३५ सालीं हें विद्यालय प्रथम बाल्टिक समुद्राकांठीं झिंग्स्ट येथें भरलें. पुढें तें फिंकनवाल्ड गांवीं गेलें. आरंभींच्या दिवसांत एकदां स्वयंपाकघरांतून निरोप आला कीं, भांडीं धुण्यास हात हवे आहेत. कोणीच चटकन उठेना. तेव्हां आचार्य मुकाट्यानें उठून आंत गेले. मागाहून धांवत आलेल्या शिष्यांना त्यांनीं आंत येऊं दिलें नाहीं. काम उरकून ते सर्वांत येऊन मिसळले. त्याविषयीं एक अक्षरही बोलले नाहींत.

विद्यालयाचा एक नियम असा होता: गैरहजर बांधवाविषयीं कोणीं बोलूं नये, आणि बोलणें झालेंच तर तें त्याला स्वतः जाऊन सांगावें. हा नियम ऐकावयास सोपा. पण विहिरीवर, बाजारांत किंवा मिस्सा सुटल्यावर मंदिराच्या पायरीवर तो पाळून पहावा! नियम मोडतांना व पुन्हां सांवरतांना आपण जवळजवळ प्रवचनांइतकेंच शिकलों, असें त्यांच्या एका शिष्यानें पुढें लिहून ठेविलें.

१९३७ सालीं गेस्टापो पोलिसांनीं विद्यालय बंद केलें. तेथील अनुभवावरून बोनहॉफर यांनीं १९३८ सालीं एकत्र जीवनाविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. जो भावाचें म्हणणें ऐकून घेत नाहीं, त्याला उद्यां देवाचेंही ऐकूं येणार नाहीं, हा त्यांतील एक विचार. आपण कामांत असतांना दारीं आलेला गरजवंत देवानेंच धाडलेला असतो, हा दुसरा. आणि पापांची कबुली एखाद्या बांधवासमोर उघडपणें द्यावी, हा तिसरा. हा तिसरा विचार ऐकून आपण थोडें अंतर्मुख व्हावें. पापनिवेदनाचें साक्रामेंत आपल्या दारांत विहिरीसारखें आहे. तरी आपल्यापैकीं कित्येक तहानलेलेच रहातात.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध विचार स्वस्त कृपेविषयींचा आहे. क्षमा हवी पण पश्चात्ताप नको, ख्रिस्त हवा पण क्रूस नको, अशी कृपा स्वस्त. खरी कृपा देवाला पुत्राचें मोल देऊन पडली. ती आपल्याला फुकट मिळते, पण आपलें सर्व आयुष्य मागते. हें त्यांनीं नुसतें लिहिलें नाहीं. १९३९ सालीं ते न्यूयॉर्कमध्यें सुरक्षित होते; तेथून ते आपण होऊन मायदेशीं परतले. १९४०-४१ च्या हिंवाळ्यांत ते एट्टाल येथील बेनेडिक्टाइन मठांत पाहुणे होते. आपल्याच संन्याशांनीं त्यांना आसरा दिला. हिटलरविरुद्धच्या कटांत सामील असलेल्या बोनहॉफर यांना एप्रिल १९४३ मध्यें अटक झाली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लॉसेनबुर्गच्या छावणींत त्यांना फांशीं देण्यांत आलें. वय अवघें ३९ वर्षांचें. महिन्याभरांत युरोपांतील युद्ध संपलें.

बंधुभगिनींनो, असें मरण कोणाच्या वांट्याला येईल, तें देव जाणे. पण तो पुरुष एका दिवसांत घडला नाहीं. भांडीं धुणारा हात आणि दुसऱ्याची निंदा न करणारी जीभ, यांनीं त्याला हळूहळू तयार केलें. पन्नास वर्षांत आपण मंदिराच्या भिंती राखल्या. परंतु एकाच बांकावर बसून एकमेकांशीं न बोलणारे भाऊ आपल्यांत आहेत. त्यांचा अबोला तसाच राहिला, तर आपला उत्सवही स्वस्तच ठरेल.

आज मिस्सेनंतर जेवणाच्या पंगती बसतील. दुपारीं मागल्या अंगणांत भांड्यांची रास पडेल, आणि नेहमींप्रमाणें आपल्या आयाबहिणीच तेथें बसतील. त्या वेळीं ज्याच्याशीं आपला अबोला आहे, त्याला हांक मारून दोघांनीं मिळून एक हंडा उचलावा. महोत्सवाची याहून सुंदर सांगता मला सुचत नाहीं.

प्रभु येशू आपणां सर्वांस तेवढें बळ देवो.